एक पुडी, एक लिटर

पावसाळा लागला, की गावात पोरांना जुलाब होतात. ओढ्याला गढूळ पाणी येते. विहिरीत घाण उतरते. माश्या वाढतात. घरात कोणी म्हणते, "दात येत असतील." कोणी म्हणते, "दृष्ट लागली." यात दोन दिवस जातात. तिसऱ्या दिवशी पोर मान टाकते.

जुलाबाने पोर दगावते, ते कशामुळे? बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि मीठ निघून जाते, म्हणून. पाणी तुटले की केळीची पाने कशी लोंबतात, ते आपण पाहतो. बाळाचेही तसेच होते. म्हणून गेलेले पाणी आणि मीठ भरून काढणे, हा पहिला उपाय. त्यासाठी जलसंजीवनीची पुडी मिळते. तिलाच ओआरएस म्हणतात. उपकेंद्रात आणि आशाताईंकडे ती मिळते.

पण पुडी घरात आली म्हणजे काम झाले, असे नाही. एक प्रसंग सांगतो.

आम्ही नर्सबाईंबरोबर एका वस्तीवर गेलो होतो. दीड वर्षाच्या बाळाला सकाळपासून ढाळ लागले होते. बाईंनी बाळाला तपासले. आईच्या हातात पुडी दिली आणि म्हणाल्या, "पाण्यात कालवून पाजा." आईने मान हलवली. बाई उठल्या. उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि माघारी फिरल्या.

"ताई, आता तुम्ही मला सांगा. ही पुडी कशी कराल?"

आई लाजली. मग म्हणाली, "पेलाभर पाणी घ्यायचं, त्यात सगळी पुडी टाकायची."

चुलीपाशी आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अर्धीच टाक गं. उरलेली उद्याला होईल."

बाई खाली बसल्या. म्हणाल्या, "चूक तुमची नाही, माझी आहे. मी माप सांगितलंच नाही."

माप चुकले तर काय होते? पाणी कमी पडले, तर ते फार खारट होते. रक्तात मीठ वाढते. बाळ सुस्त होते, त्याला झटकेही येऊ शकतात. पाणी जास्त झाले, तर औषध पातळ होते आणि हवा तसा गुण येत नाही. पुडीत मीठ आहे, तशी साखरही आहे. आतड्यातून मीठ आत जायला साखर मदत करते, आणि त्या दोघांमागून पाणी आत जाते. बैलांची जोडी बरोबर जुळली तर गाडी नीट चालते. तसेच हे आहे.

"पुडीवर काय लिहिलंय? वाचा बरं," बाई म्हणाल्या. आई साक्षरतेच्या वर्गाला येत होती. तिने अक्षरावर बोट ठेवून वाचले, "एक लि-ट-र." काही पुड्या लहान असतात. त्या २०० मिलिलिटर पाण्यासाठी असतात. दोन्ही पुड्या दिसायला सारख्या वाटल्या, तरी माप वेगळे. म्हणून दर वेळी पुडी वाचावी. तारीख उलटून गेली नाही ना, तेही पाहावे.

मग बाईंनी स्वतः काही केले नाही. सगळे आईकडून करून घेतले. आईने साबणाने हात धुतले. दुधाचे लिटरचे माप स्वच्छ धुतले. उकळून गार केलेले पाणी त्या मापाने मोजून पातेल्यात घेतले. त्यात सगळी पुडी ओतली आणि ढवळली. वर झाकण ठेवले. नंतर ते पाणी पुन्हा तापवायचे नाही. त्यात वरून साखर, मीठ, दूध काही घालायचे नाही. चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यायचे आणि नवीन करायचे.

किती पाजावे, तेही बाईंनी सांगितले. दर जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे साधारण पाव ते अर्धा पेला. त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा ते एक पेला. चमच्याने किंवा घोट घोट पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि मग आणखी सावकाश पाजावे. अंगावरचे दूध तोडू नये. मोठे मूल असेल तर भात, खिचडी, वरण चालू ठेवावे. उपाशी ठेवल्याने मूल अधिक खंगते.

बाईंनी जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या गोळ्याही दिल्या. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. चमचाभर पाण्यात विरघळवून द्यायची. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे.

"आता आजी, तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. रात्री बाळापाशी आजीच बसणार होत्या. आजींनी बोटे मोजत सगळे सांगितले. एक गोष्ट विसरल्या, ती सुनेने सांगितली. तेव्हा कुठे बाई उठल्या.

घरच्या माणसाच्या हातात केवढे बळ आहे, ते १९७१ साली दिसले. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमध्ये बनगाव येथे त्यांच्या छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा मापाने मिसळून पाणी केले. ते रुग्णांच्या नातेवाइकांनीच त्यांना पाजले. आधी शंभरांत तीसएक माणसे दगावत होती. ती संख्या चारच्या खाली आली. डॉक्टर २०२२ साली वारले. २०२३ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

पण काही वेळा घरचे उपाय पुरत नाहीत. बाळ मलूल झाले किंवा उठवूनही उठत नाही, पाणी पीत नाही, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते, प्रत्येक घोट उलटून पडतो, शौचात रक्त आहे, लघवी होत नाही, झटके आले, यांतले एकही दिसले तर लगेच दवाखाना गाठावा. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल, तर मुळीच वाट पाहू नये. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा. पिता येत असेल तर वाटेतही घोट घोट पाजत राहावे.

वाचकहो, नर्सबाईंनी किंवा डॉक्टरांनी काही सांगितले, की नुसती मान हलवू नका. "बाई, मी काय समजले ते सांगते, बरोबर का बघा," असे म्हणा. त्यात कमीपणा नाही. त्यांनाही ते हवेच असते.

विचार करा आणि सांगा

१. आईने पेलाभर पाण्यात पुडी कालवली असती, तर काय झाले असते?
२. आजींची अर्धी पुडी का चालली नसती?
३. तुमच्या घरात लिटरचे माप कोणते आहे?
४. बाळाला लगेच दवाखान्यात न्यावे, अशी कोणतीही चार लक्षणे सांगा.
५. आज घरी गेल्यावर हा धडा एकाला सांगा. मग त्याच्याकडून वदवून घ्या.