ते पाकीट कपाटात ठेवू नकोस

खरं सांग, एनएचएसचं आतड्याच्या कॅन्सरच्या चाचणीचं पाकीट आलंय ना? आणि बाथरूमच्या कपाटात टॉवेलांमागे पडलंय? इंग्लंडात ५० ते ७४ वयाच्या सगळ्यांना ते येतं, पण आपल्या दक्षिण आशियाई घरांतून परत कमी जातं. भिशीत विषय काढला की सगळ्या हसतात आणि चहाचं विचारतात. गंमत बघ, लेकरं तान्ही होती तेव्हा त्यांच्या शीचा रंग, घट्टपणा यावर आपण जेवताजेवता बोलायचो. स्वतःची म्हटली की नाक मुरडतो.

काम ते केवढं! पाणी लागायच्या आत कागदावर धर, झाकणाची काडी त्यावरून फिरव, बाटलीत घाल, तारीख लिही, पोस्टात टाक. तिकीटही लागत नाही. २०१९ पूर्वी तीन वेगवेगळ्या वेळचे नमुने द्यावे लागत. आता एक पुरतो.

"मला काहीच त्रास नाही," म्हणशील. अगं, हे तुझ्यासारखीसाठीच आहे. त्रास होतो ती जाईलच डॉक्टरकडे. मोठ्या आतड्यात आतून बारीक कोंब येतात, त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक निरुपद्रवी, काहींचा मात्र दहाएक वर्षांत कॅन्सर होतो, आणि एवढा काळ कळतही नाही. डोळ्यांना न दिसणारं रक्त तेवढं कधीमधी जातं, ते ही चाचणी पकडते. मग दुर्बिणीने बघतानाच पॉलिप काढून टाकतात. कॅन्सर झालेला असला, तरी पहिल्या टप्प्यात सापडलेल्यांतले दहातले नऊ पाच वर्षांनंतरही हिंडतेफिरते असतात. दूरवर पसरल्यावर दहातला एखादा.

सरसकट सगळ्यांना पाठवणं ही उधळपट्टी नव्हे, असं माझं ठाम मत आहे. कॅलिफोर्नियात कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेने सभासदांना घरपोच चाचण्या पाठवल्या. २००० ते २०१५ मध्ये तपासणी झालेल्यांचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून ८३ वर गेलं आणि या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. कुणी येऊन मागेल, याची त्यांनी वाट पाहिली नाही.

पुढच्या तपासणीला बोलावलं तर हातपाय गाळू नकोस. शंभरात जेमतेम दोघातिघांना बोलावतात, त्यातही बहुतेकांना कॅन्सर नसतो. आणि "सगळं ठीक" आलं तरी एखादी गाठ सुटू शकते, म्हणून तर दर दोन वर्षांनी पाकीट येतं. मधेच रक्त दिसलं, पोटाची सवय बदलली, वजन उगाच उतरलं, तर त्याची वाट न बघता जीपीकडे जा.

तिकडे आईबाबांना असं पाकीट येणार नाही. भारतात सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची होते, आतड्याची नाही. रविवारी फोन करशील तेव्हा बाबांना सरळ विचार, शौचातून रक्त जातं का. "मूळव्याध आहे," म्हणतील. कोणत्या डॉक्टरने तपासून सांगितलं, तेही विचार.