हर्बर्ट क्रोमर : विषमसंधीचा सिद्धांतकार

सन २००० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा निम्मा वाटा जॅक किल्बी यांना मिळाला. उरलेला निम्मा हर्बर्ट क्रोमर आणि रशियाचे झोरेस अल्फेरॉव्ह यांच्यात विभागला गेला. विद्यार्थ्यांना एकात्मिक मंडलाचे किल्बी ठाऊक असतात, क्रोमर यांचे नाव बहुधा यादीपुरतेच पाठ केले जाते.

क्रोमर यांचा जन्म २५ ऑगस्ट १९२८ रोजी जर्मनीतील वायमार येथे झाला. येना विद्यापीठात शिकताना सोव्हिएत अंमलाखालील दडपशाही त्यांनी अनुभवली. काही सहाध्यायी एकाएकी दिसेनासे होत. १९४८ मध्ये बर्लिनच्या नाकेबंदीत रसद आणणाऱ्या एका विमानाच्या परतीच्या फेरीतून ते पश्चिमेकडे निघून गेले. १९५२ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. पहिली नोकरी मात्र टपाल खात्याच्या दूरसंचार प्रयोगशाळेत होती.

ट्रान्झिस्टर मंद का, हा प्रश्न त्यांना तेथेच पडला. पुढे अमेरिकेत आरसीए कंपनीत असताना १९५७ मध्ये त्यांनी त्याचे उत्तर मांडले. साध्या ट्रान्झिस्टरमध्ये उत्सर्जकातून इलेक्ट्रॉन आधारात जातात, त्याच वेळी आधारातील धनभारित 'होल' उलट दिशेने उत्सर्जकात शिरतात व तो प्रवाह वाया जातो. उत्सर्जक अधिक ऊर्जा-अंतर असलेल्या अर्धवाहकाचा केल्यास होलना अडथळा होतो, इलेक्ट्रॉनना नाही. दोन भिन्न अर्धवाहकांच्या अशा जोडणीस विषमसंधी म्हणतात.

हेच तत्त्व त्यांनी १९६३ मध्ये लेसरला लावले. त्या काळचे अर्धवाहक लेसर अतिशीत तापमानात किंवा क्षणिक स्पंदांपुरतेच चालत. कमी ऊर्जा-अंतराचा पातळ थर अधिक अंतराच्या दोन थरांमध्ये ठेवल्यास इलेक्ट्रॉन व होल दोन्ही त्यात कोंडले जातात आणि अल्प विद्युतप्रवाहात प्रकाश मिळतो. एका नियतकालिकाने हा लेख नाकारला, तो दुसरीकडे छापावा लागला. त्यांच्या तत्कालीन कंपनीने, व्हेरियनने, या लेसरला व्यावहारिक उपयोग नाही असे ठरवून साधने देण्यास नकार दिला! अल्फेरॉव्ह यांनीही १९६३ मध्येच स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली होती. १९७० मध्ये लेनिनग्राडला त्यांच्या गटाने आणि अमेरिकेत हयाशी व पॅनिश यांनी सामान्य तापमानात अखंड चालणारा लेसर घडविला. प्रकाशीय तंतूंद्वारे होणारे दूरसंचार आणि सीडी-वाचक याच रचनेवर उभे राहिले.

१९७६ मध्ये क्रोमर सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आले. विद्यापीठाने आपला मर्यादित निधी सिलिकॉनऐवजी संयुग अर्धवाहकांवर खर्च करावा, हा त्यांचा आग्रह मान्य झाला. ८ मार्च २०२४ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.