नव्याने आणलेल्या कोंबड्यांचे श्वसनविकार: बेंगळुरूतील परसासाठी हंगामी सल्ला

बाजारातून आणलेली कोंबडी घरी आल्यावर चार-आठ दिवसांत शिंकू लागते, ही परसातल्या कोंबडीपालनातली नेहमीची तक्रार आहे. बेंगळुरूत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात आणि पुढे डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींत ती वाढते. बाजारात ठिकठिकाणचे पक्षी एकाच पिंजऱ्यात असतात. त्यात प्रवासाचा ताण, ओल आणि बदललेले खाद्य यांनी प्रतिकारशक्ती घटते आणि अंगात दबून राहिलेला रोग डोके वर काढतो. म्हणून उपचार औषधाने नव्हे, विलगीकरणाने सुरू करावा.

विलगीकरण

नवे पक्षी जुन्यांपासून शक्य तितके लांब, 30 दिवस वेगळे ठेवावेत. दाणापाणी आधी जुन्या कोंबड्यांना आणि नंतर नव्यांना द्यावे. नव्यांची भांडी व तिथे वापरायच्या चपला स्वतंत्र असाव्यात. दिवसाच्या कलकलाटात घरघर कळत नाही. रात्री पक्षी निजल्यावर खुराड्याजवळ शांत उभे राहिले की श्वासाचा ओला आवाज स्पष्ट ऐकू येतो. ही तपासणी रोज करावी.

रोगाची ओळख

सर्व शिंका सारख्या नसतात. मायकोप्लाझ्मामुळे होणाऱ्या जुनाट श्वसनरोगात डोळ्यांत फेस येतो, घरघर आठवडेच्या आठवडे चालते आणि मरतूक कमी असते. संसर्गजन्य कोरायझात एक ते तीन दिवसांतच तोंड व डोळ्यांभोवती सूज येते आणि नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव वाहतो. मान उंचावून, चोच उघडून श्वास घेणे आणि खोकल्यातून रक्त पडणे ही स्वरयंत्राच्या विषाणूजन्य दाहाची खूण होय. हिरवट हगवण, मान पिळवटणे, पाय-पंख लुळे पडणे आणि भराभर मरतूक असेल तर मानमोडी, म्हणजेच रानीखेत, असल्याचा संशय घ्यावा.

कधी जंतूंआधी खुराडेच दोषी असते. ओल्या तुसातून उठणारा अमोनिया श्वासनलिकेचे अस्तर दुखावतो आणि जंतूंना वाट मिळते. खाली वाकल्यावर डोळे चुरचुरत असतील, तर पक्ष्यांना तो त्रास कधीच सुरू झालेला असतो. बुरशी आलेले तूस फुप्फुसाचा निराळाच आजार देते. त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही.

उपचार

आजारी पक्षी कोरड्या, उबदार पण हवेशीर जागी ठेवावा. थेट वारा अडवावा. मात्र गोणपाटाने खुराडे चारी बाजूंनी बंद करू नये, वरची फट मोकळी असावी. ओले तूस काढून कोरडे घालावे. चिकटलेले डोळे कोमट मिठाच्या पाण्याने पुसावेत. खाद्य किंचित भिजवून द्यावे आणि अ जीवनसत्त्वासाठी शेवग्याचा पाला घालावा.

प्रतिजैविके केवळ जिवाणू व मायकोप्लाझ्मावर चालतात, विषाणूंवर नाही. मायकोप्लाझ्मासाठी पशुवैद्य टायलोसिन किंवा डॉक्सिसायक्लिन देतात. मात्रा त्यांच्याकडूनच घ्यावी, क्रम पूर्ण करावा आणि त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंडी-मांस खाऊ नये. खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर भारतात 2019 पासून बंदी आहे.

मायकोप्लाझ्मा किंवा कोरायझातून बरी दिसणारी कोंबडी रोगवाहक राहू शकते. मायकोप्लाझ्मा अंड्यातून पिल्लांतही उतरतो. अशी कोंबडी निरोगी कळपात सोडू नये. ती काढून टाकली तर खुराडे धुऊन, उन्हात वाळवून तीन-चार आठवडे रिकामे ठेवावे.

लसीकरण व खरेदी

रानीखेतविरुद्ध पहिल्या आठवड्यात एफ किंवा लासोटा लस डोळ्यात वा नाकात थेंबाने द्यावी, चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटा पुन्हा द्यावी आणि आठव्या आठवड्यानंतर आरटूबी टोचावी. पाण्यातून लस देताना नळाचे क्लोरीनयुक्त पाणी वापरू नये. क्लोरीनने लसीतला विषाणू मरतो. आजारी पक्ष्यांना लस देऊ नये.

हेब्बाळ येथे विकसित झालेली गिरिराजा परसासाठी चांगली जात आहे. अशी पिल्ले खात्रीच्या हॅचरीतून, लसीकरणाची नोंद पाहून घ्यावीत. मोठ्या कोंबड्यांपेक्षा पिल्ले आणणे कमी धोक्याचे असते.

तातडीची सूचना

अचानक अनेक पक्षी मेले, तुरा निळा पडला किंवा डोके सुजले, तर बर्ड फ्लूची शक्यता धरावी. देशात पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात नोंदला गेला. ऑक्टोबर 2012 मध्ये बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथे टर्की पक्ष्यांत तो आढळला. अशा वेळी मेलेले पक्षी घरी कापू नयेत, विकू नयेत, उघड्यावर टाकू नयेत. मुलांना लांब ठेवून जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे. इतर मरतुकीच्या निदानासाठी हेब्बाळच्या पशुआरोग्य व पशुवैद्यकीय जैविके संस्थेकडे नमुने कसे पाठवायचे, तेही दवाखान्यातूनच विचारून घ्यावे.