लघवीची घाई आणि घोट्यावरचे यंत्र

प्रश्न : वय ५२. संत्र्याच्या बागेत कामाला जाते. घाई झाली की आडोसा गाठेस्तोवर कपडे ओले होतात. घरी टेन्स यंत्र लावू का?
– एक वाचक, सौंसर

उत्तर : ताई, आधी लघवीची व साखरेची तपासणी करा. लघवीत रक्त दिसले तर थेट डॉक्टर गाठा. खोकताना-शिंकताना गळत असेल, तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम तीन महिने करावेत. तुमच्यासारख्या घाईत व्यायाम आणि रोखण्याचा सराव पुरेनासे झाले, तर त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणारे हे टेन्स यंत्र कामी येते. घोट्याजवळची नस आणि मूत्राशयाच्या नसा कण्यात एकाच ठिकाणी जुळतात, म्हणून ते घोट्यावर लावतात. यंत्राची एक पट्टी आतल्या घोट्यामागे, दुसरी सुमारे १० सेंटिमीटर वर. अर्धा तास, साधारण १२ आठवडे. झिणझिण्या याव्यात, दुखू नये. पेसमेकर असल्यास किंवा गरोदरपणी नको. लावणे मात्र पांढुर्णा किंवा नागपूरच्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.