विजेवरचा छोटा ट्रक घ्यावा काय?

(ऊस विकास विभागाकडून)



लागवडीची नोंद द्यायला गट कार्यालयात येणारे सभासद हल्ली उसाबरोबर आणखी एक गोष्ट विचारतात. "साहेब, विजेवरचा छोटा ट्रक स्वस्तात मिळते म्हणतात. घेऊन टाकू का?" प्रश्न रास्त आहे. कर्ज पाच-सात लाखांचे होणार, आणि हप्ता शेवटी उसाच्या बिलातूनच जाणार. म्हणून या अंकात बेण्या-खताऐवजी या गाडीचा हिशेब मांडत आहोत.

भाव काय आहेत?

जून २०२५ मध्ये टाटा कंपनीने एस प्रो ही छोटी मालवाहू गाडी आणली. तिचा सुरुवातीचा भाव पेट्रोलवर ३.९९ लाख आणि विजेवर ६.५० लाख रुपये जाहीर झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या युलर मोटर्स या नव्या कंपनीने एक टन माल नेणारी विजेवरची गाडी ५.९९ लाखांपासून पुढे जाहीर केली. म्हणजे नव्या कंपन्यांमुळे भाव आवाक्यात येऊ लागला, हे खरे. तरी तेलाच्या गाडीपेक्षा सुमारे दोन ते अडीच लाख रुपये आधी जास्त मोजावे लागतात.

नफा खोडव्यात

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. लावणीच्या उसाला मशागत, बेणे, सरी यांचा खर्च मोठा. पैसा सुटतो तो खोडव्यात. विजेच्या गाडीचेही तसेच. तेलाच्या गाडीला किलोमीटरला ५ रुपये आणि विजेच्या गाडीला २ रुपये इंधनखर्च धरू. किलोमीटरमागे ३ रुपये वाचले.

रोज ८० किलोमीटर, वर्षाचे २५० दिवस चालवली तर २०,००० किलोमीटर झाले. वर्षाला ६०,००० रुपये वाचतील. अडीच लाखांचा जादा खर्च चार वर्षे दोन महिन्यांत निघेल. पण जो सभासद वर्षात १५० दिवस, तेही रोज ४० किलोमीटरच गाडी काढतो, त्याचे ६,००० किलोमीटर होतात. त्याचे वाचतील १८,००० रुपये, आणि अडीच लाख निघायला लागतील जवळजवळ चौदा वर्षे! कर्जाचे व्याज यात धरलेलेच नाही.

तेव्हा रोज कळमन्याला भाजी नेणारा, दूध गोळा करणारा किंवा भाड्याने माल वाहणारा असेल, त्यानेच पुढचा विचार करावा. संत्र्याच्या बहारापुरती आणि खताच्या दोन-चार फेऱ्यांपुरती गाडी लागणाऱ्याने भाड्याची गाडी करावी. त्यातच त्याचे हित आहे.

नागपूरचे दोन धडे

पहिला धडा चार्जिंगचा. २६ मे २०१७ रोजी ओला कंपनीने नागपुरात विजेवरच्या टॅक्सी सुरू केल्या. २०० वाहनांचा प्रकल्प होता, गाजावाजाही मोठा झाला. पण काही महिन्यांतच चालकांची तक्रार सुरू झाली, की चार्जिंगसाठी तासन्‌तास रांगेत थांबावे लागते आणि तेवढा धंदा बुडतो. काहींना पुन्हा डिझेलची गाडी बरी वाटू लागली. धडा असा, की गाडी रात्री आपल्या घरी चार्ज होऊन दिवसाचा फेरा पुरा करत असेल तरच घ्यावी. शेतीपंपाची जोडणी पंपासाठी आहे, तिच्यावर गाडी लावू नये. आठ तासांच्या फिडरवर तिचा भरवसाही नाही. महावितरणकडे आधी जोडणीची व मंजूर भाराची चौकशी करा, मग शोरूमची पायरी चढा.

दुसरा धडा कंपनीचा, आणि तो आपल्या उसाशी नाते सांगणारा आहे. २०१४ साली स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीची इथेनॉलवर चालणारी बस नागपुरात धावू लागली. मळीपासून होणाऱ्या इंधनावर शहराची बस चालते, याचा आपल्यासारख्यांना आनंदच होता. पुढे बसगाड्या वाढल्या. पण ऑगस्ट २०१८ मध्ये थकलेल्या रकमांचे कारण देऊन कंपनीने ही सेवा थांबवली. इंधन चांगले असले तरी व्यवहार मोडला की गाडी जागीच थांबते.

नव्या कंपनीच्या बाबतीत हा धोका जास्त. परदेशातही तेच दिसले. अमेरिकेतील प्रोटेरा ही बॅटरी पुरवणारी कंपनी ऑगस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या बॅटरीवर अवलंबून असलेली व्होल्टा ही विजेच्या ट्रकची नवी कंपनी दोनच महिन्यांत तिच्यामागे गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये निकोला या ट्रक कंपनीवरही तीच पाळी आली. नवी कंपनी म्हणजे बुडणारीच, असे आम्ही म्हणत नाही. पण आपला नफा चौथ्या-पाचव्या वर्षी आहे. त्या वर्षी सुटा भाग देणारा कोणी नसेल तर खोडवा फुटायच्या आधीच मोडला म्हणायचे.

ऊन आणि बॅटरी

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उष्णतेने बॅटरी लवकर थकते. गाडी सावलीत उभी करावी, उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला लावू नये. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी उष्णतेला जास्त टिकते. कोणती जात आहे ते विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

ऊस वाहतुकीसाठी चालेल काय?

नाही. एक टन म्हणजे बैलगाडीचा एक फेरा. दोन ट्रॉलींच्या ट्रॅक्टरची जागा ही गाडी घेणार नाही. मोठ्या ट्रकसाठी जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जास्तीत जास्त ९.६ लाख रुपयांपर्यंत प्रोत्साहन जाहीर केले. पण ते ३.५ टनांपेक्षा जास्त एकूण वजनाच्या ट्रकला आहे, आणि त्यासाठी जुना डिझेल ट्रक मोडीत काढल्याचा दाखला लागतो. छोट्या गाडीला ते मिळेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

सही करण्यापूर्वी हे विचारा

१) भरल्या गाडीने, आपल्याच रस्त्यावर, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर? जाहिरातीतला आकडा नको, चालवून पाहा.

२) बॅटरीची हमी किती वर्षांची व किती किलोमीटरची? वर सांगितलेल्या केंद्राच्या योजनेत मोठ्या ट्रकच्या बॅटरीला ५ वर्षे किंवा ५ लाख किलोमीटर हमीची अट आहे. तुलनेला हे माप हाती असावे.

३) हमीनंतर नवी बॅटरी केवढ्याला?

४) दुरुस्ती केंद्र नागपुरात आहे की मुंबई-पुण्याला?

५) राज्याच्या २०२५ च्या धोरणातील सवलत कोटेशनमध्ये वजा केली आहे काय?

६) पाच वर्षांनी ही गाडी परत कोण घेईल आणि कितीला?

सहाही उत्तरे कागदावर मिळाली आणि रोजची धाव ८० किलोमीटरच्या आसपास असली, तर गाडी जरूर घ्यावी. चार उत्तरे तोंडी आणि दोन "बघू नंतर" अशी असतील, तर एक हंगाम थांबावे. बेणे घेताना आपण मळा पाहतो, डोळा पाहतो, मग टिपरी तोडतो. सहा लाखांची वस्तू घेताना तेवढी पारख तरी करायलाच हवी.

कोटेशन घेऊन गट कार्यालयात या. आपण मिळून हिशेब करू.