विजापूरची साथ आणि आपली गावे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. रोगराईला त्यात फारशी जागा नसते. अपवाद युरोपातील १३४७ ते १३५१ च्या प्लेगचा. त्याला 'काळा मृत्यू' म्हणतात. त्या साथीत तेथील निदान एकतृतीयांश लोक दगावले. शेतावर मजूर मिळेनात, मजुरीचे दर चढले. हा भाग अभ्यासताना माझ्या मनात प्रश्न आला, की आपल्या मुलखात असे कधी घडले काय? आणि घडले असेल तर नांगर धरणाऱ्या माणसाचे काय झाले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा जिंकला. १६८८ च्या अखेरीस त्याची छावणी विजापुरास असताना तेथे भयंकर साथ उसळली. काखेत, जांघेत किंवा कानामागे गाठ येई, जोराचा ताप भरे, आणि रोगी थोड्याच दिवसांत दगावे. खाफीखानाने केलेले हे वर्णन गाठीच्या प्लेगशी जुळते. बादशहाची बेगम औरंगाबादी महल या साथीत गेली. सदर फाजलखान गेला. सेनापती फिरोजजंग वाचला, पण त्याची दृष्टी गेली. सामान्य लोक किती मेले? लाखभर, एवढाच आकडा सांगितला जातो. दरबारी माणसांना नावे आहेत, बाकीच्यांना केवळ संख्या! माझ्या मते या साथीच्या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच होय.

डिसेंबर १६८८ मध्ये बादशहाने विजापूर सोडले आणि तो अकलूजला आला. अकलूज म्हणजे आपल्या माढ्याच्या शेजारच्या माळशिरस तालुक्यातील, नीरेकाठचे गाव. म्हणजे ती छावणी आपल्या दाराशीच आली होती. डिसेंबरात या भागात शाळू पोटऱ्यात असतो. अशा वेळी हजारो घोडे, हत्ती आणि बैल येऊन उतरल्यावर उभ्या पिकाचे आणि कडब्याच्या गंजीचे काय झाले असेल, हे शेतकऱ्याच्या मुलाला कोणी वेगळे सांगावयास नको. साथीपासून दूर जाण्यासाठी बादशहाकडे तंबू होते. कुणब्याला मात्र पीक सोडून जाता येत नव्हते.

त्या काळी रोगाचे कारण कोणास ठाऊक नव्हते. परंतु लोकांचे निरीक्षण आंधळे नव्हते. जहांगीर बादशहाच्या आठवणींत, आग्र्याच्या साथीच्या वेळी, झिंगत पडणाऱ्या उंदराचा आणि त्याला तोंड लावून आजारी पडलेल्या मांजराचा प्रसंग आला आहे. रोगाचे जंतू येर्सिनने हाँगकाँगला १८९४ मध्ये शोधले. उंदराच्या अंगावरील पिसवा तो पसरवतात, हे सिमाँने कराचीत १८९८ मध्ये दाखविले. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून माणसाकडे वळतात. जेथे धान्याचे साठे तेथे उंदीर, आणि छावणी म्हणजे तर चालतेबोलते कोठारच!

हाच रोग १८९६ मध्ये मुंबईत आला आणि पुढे महाराष्ट्रभर पसरला. त्या काळची माहिती आपल्याला नुसत्या ग्रंथांतूनच नव्हे, तर घरातूनही मिळते. माझ्या आजीला तिच्या सासूबाईंनी सांगितलेले असे, "उंदरं पडाय लागली की गाव सोडायचा." लोक गाडगी-मडकी, जाते आणि जनावरे घेऊन रानात खोपटी घालून राहत. चूल रानात पेटे, बाळंतपणे रानात होत, गावात दिवा लागत नसे. शास्त्रज्ञांचा शोध खेड्यात पोहोचण्याआधीच उंदरापासून दूर जाण्याचा उपाय लोकांनी अनुभवाने ओळखला होता. गावोगावी वेशीवर असलेली मरीआईची ठाणी आणि 'तुला मरी येवो' ही शिवी म्हणजे साथींच्या भीतीने भाषेत व गावच्या रचनेत ठेवलेल्या खुणाच आहेत.

इंग्लंडमध्ये कूळ मेले की जमीन दुसऱ्याच्या नावे लावावी लागे, म्हणून जमीनदाराच्या दप्तरात त्याची नोंद होई. त्यामुळे तेथील अभ्यासकांना १३४९ सालच्या साध्या कुळांचीही नावे सापडतात. आपल्याकडील दरबारी इतिहासकाराने मात्र बेगमेचे आणि सरदारांचेच नाव लिहिले. ज्यांच्या घरात कोणी लिहिणारेच नव्हते, त्यांचे दुःख कागदावर येणार तरी कसे?

आज आपल्यापैकी अनेकांच्या घरात लिहिणारे पहिले माणूस आपणच आहोत. विद्यार्थी मित्रांनो, २०२० सालची साथ आपण शाळकरी वयात पाहिली. आषाढी वारीच्या पालख्या त्या वर्षी एस.टी.ने पंढरीस गेल्या. आपल्या गावात तेव्हा कोण गेले, कोणाचे काम सुटले, कोणी कोणाला भाकरी पोहोचवली, हे आपण नावानिशी लिहून ठेवले पाहिजे. आणि त्याहून जुने जे आजी-आजोबांच्या तोंडी आहे, ते विचारण्यास उशीर करू नये.