शाळा बघायची तर वर्ग चालू असताना बघ

पोरी, लेकराला तीन वर्षं पुरी होत आली की जो भेटेल तो एकच विचारतो, कुठं घालणार? आणि उत्तरही तोच देऊन मोकळा होतो. कुणी परभणीची इंग्लिश शाळा सांगतो, कुणी सेलूची, कुणी म्हणतो अंगणवाडीत काय ठेवलंय, खिचडी खाऊन घरी येतात. सगळ्यांचं ऐकून घे. पण ठरवायच्या आधी गावातल्या अंगणवाडीत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत स्वतः जाऊन ये. माझी नोकरी बहुतेक पहिली-दुसरीवरच गेली. पहिलीत आलेलं लेकरू आधी कुठं आणि कसं बसलं होतं, हे आठवडाभरात कळायचं.

जायचं ते न सांगता, आणि वर्ग चालू असताना. पंधरा ऑगस्टला किंवा प्रवेशोत्सवाच्या दिवशी प्रत्येक शाळा चांगलीच दिसते. साधा बुधवार-गुरुवार निवड. हजेरी होऊन थोडा वेळ झाला की जा, चप्पल दाराशी काढ, अंगणवाडीच्या ताईला विचारून कोपऱ्यात तासभर बस. भिंतीवरची चित्रं मागून बघ. आधी ताई कुठं बसलीय ते बघ. खुर्चीवर बसून लांबून हाका मारणारी ताई वेगळी आणि सतरंजीवर लेकरांच्या मधे बसलेली वेगळी. ती लेकरांना नावानं हाक मारते का? एखादं रडत आलं तर काय करते? गप्प बस म्हणून दटावते, का जवळ घेऊन हातात काही देते? कोपऱ्यात न बोलणारं एखादं लेकरू असतंच, त्याच्याकडं तासाभरात एकदा तरी तिची नजर जाते का? आणि वर्ग अगदी चिडीचूप असेल तर खूश होऊ नको. तीन-चार वर्षांची वीस लेकरं मुकाट बसलीत, तर ती भ्यायलेली असतात. बडबड चालू आहे आणि तरी ताई बोलायला लागली की माना वळतात, तो वर्ग चांगला.

मग लेकरांच्या हातात काय आहे ते बघ. चिंचोके, मणी, ठोकळे, ओली माती, फाडायला रद्दी कागद, काहीही चालेल. चिंचोके मोजून वाटीत टाकणं, मणी दोऱ्यात ओवणं, मातीची गोळी वळणं, यातच बोटांना पेन्सिल धरायची ताकद येते. मी पहिलीत कितीतरी लेकरं अशी बघितली, की ज्यांना चौथ्या वर्षीच पाटीवर ओळींनी एबीसीडी गिरवायला लावलं होतं. पेन्सिल मुठीत धरायची, पान फाटेल इतकी दाबायची, पाच मिनिटांत हात दुखला म्हणायची. अक्षरं पाठ होती, पण गोष्ट सांगायला सांगितली की तोंड उघडत नव्हतं. उलट चांगल्या ताईच्या हाताखालून आलेलं लेकरू उभं राहून सांगायचं, आमच्या म्हशीला काल रात्री रेडकू झालं, आणि मग बाबांनी कंदील आणला, आणि मग आजी म्हणाली. असं ‘आणि मग’ म्हणता येणाऱ्या लेकराला वाचायला शिकवायला मला कधी फार वेळ लागला नाही.

अंगणवाडी ही काही गरिबांसाठी काढलेली दुय्यम सोय नाही, हे मनात पक्कं ठेव. ती आपल्या महाराष्ट्राच्या मातीतली आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला खेड्यातल्या लेकरांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. लेकरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. तिथली शिंपले, पानं, बिया हीच त्यांची साधनं. पुढं कोसबाडला आदिवासी पाड्यांत हे काम वाढलं. केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू केली, तिच्या केंद्राला नावही अंगणवाडी हेच पडलं. म्हणजे ज्या पद्धतीचे आज शहरात हजारो रुपये घेतात, ती इथं अंगणात फुकट रुजली होती. तुझ्या गावात ती तशी चालते का, एवढंच तुला बघायचंय.

आता खिचडीचं. खिचडीला नावं ठेवणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तीन ते सहा वर्षांच्या लेकराचा ताज्या गरम जेवणावर हक्क आहे. तो तपासून घे. जेवणाच्या वेळेला जाऊन एक घास खाऊन बघ. डाळ आहे का नुसता भात, पाणी झाकलेलं आहे का, मदतनीस हात धुऊन घेते का. आणि वजनाचं रजिस्टर दाखवा म्हण. दर महिन्याला वजन, ठरावीक वेळेला उंची, त्यावरून लेकरू कुठल्या श्रेणीत आहे हे ताईला सांगता आलं पाहिजे. सॅम, मॅम असे शब्द ती वापरेल. सॅम म्हणजे तीव्र कुपोषित, मॅम म्हणजे मध्यम. दहा लेकरांचं वजन सलग तीन महिने तेच्या तेच लिहिलेलं दिसलं, तर तिथं काटा वापरात नाही असं समज. अशी तपासणी किती खासगी नर्सरीत होते, ते तूच चौकशी करून बघ.

संडास बघायला लाजू नको. दार लागतं का, पाणी आहे का, लेकराला एकट्याला जाता येईल का. लघवी दाबून धरणारं लेकरू कशातच रमत नाही. आपल्याकडं पत्र्याची खोली एप्रिलमध्ये भट्टी होते, तेव्हा पंखा, सावली, झाड यांनाही मोल आहे. आणि पावसाळा. काळ्या रानातली वाट पहिल्या मोठ्या पावसानंतर कशी होते, हे तुला सांगायला नको. अंगणवाडी चांगली, पण मधे ओढा, तर जुलै-ऑगस्टात लेकरू जाणारच नाही. जवळची साधी शाळा लांबच्या चांगल्या शाळेपेक्षा या वयात बरी, असं माझं मत आहे. सकाळी सात वाजता झोपेतून उठवून, रिक्षात कोंबून, पंधरा किलोमीटर नेलेलं चार वर्षांचं पोर तिथं पोचतं तेव्हाच दमलेलं असतं.

इंग्लिशचं विचारशील. घरात ज्या भाषेत लेकरू भांडतं आणि हट्ट करतं, त्याच भाषेत त्याची पहिली समज वाढते. मराठी नीट बोलणाऱ्या लेकराला पुढं इंग्रजी जमते. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या काही जिल्हा परिषद शाळांत सेमी-इंग्रजी वर्गही आहेत, ते विचारून घे. आपल्या भागात घरातली भाषा एकच नसते, हेही ध्यानात घे. जिंतूरकडच्या बंजारा तांड्यावरचं लेकरू घरात गोरमाटी बोलतं, परभणी-पाथरीच्या मोहल्ल्यातलं उर्दू. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा आहेत. तांड्यावरच्या लेकरासाठी मात्र ताईला त्याची बोली थोडी तरी समजते का, हे पहिलं विचार. समजत नसेल तर ते लेकरू सहा महिने गप्प राहतं, आणि लोक त्याला मंद म्हणून मोकळे होतात.

वयाची घाई करू नको. नियम असा आहे की त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण होत असतील तर नर्सरीला आणि सहा वर्षं पूर्ण होत असतील तर पहिलीला प्रवेश. म्हणजे जून 2026 मध्ये पहिलीत बसवायचं तर जन्म 31 डिसेंबर 2020 किंवा त्याआधीचा हवा. आता नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेलं लेकरू जूनमध्ये साडेपाचचंच असतं. नियमात बसतं म्हणून घालायलाच हवं असं नाही. वर्गात काही लेकरं त्याच्याहून वर्षभरानं मोठी असतात. ते बुजत असेल, आजारी पडत असेल, तर एक वर्ष अंगणवाडीत राहू दे. पुरेशी ओल नसताना पेरलं तर दुबार पेरणी करावी लागते, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगायला नको.

पहिलीची शाळा ठरवताना पट विचार आणि पहिलीचा वर्ग कुणाकडं आहे ते विचार. कायद्यानं साठ पटापर्यंत किमान दोन शिक्षक हवेत. लहान गावात ते दोघंच पहिली ते चौथी सांभाळतात, म्हणजे एका खोलीत दोन वर्ग. त्यानं बिघडतंच असं नाही. दुसरीची पोरं पहिलीच्या पोरांना शिकवतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण दोनातला एक शिक्षक सतत बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा सर्वेक्षणाला जात असेल तर वर्ग उघडा पडतो. महिन्यातून किती दिवस दोघंही हजर असतात, हे शेजारच्या घरातल्या बायांना विचार, त्यांना बरोबर माहीत असतं. चांगल्या गुरुजींच्या भरवशावर शाळा धरायची, तर त्यांची बदली कधी आहे हेही विचारून ठेव. शाळा पूर्वतयारी मेळाव्याला नक्की जा. 2022 पासून ‘पहिले पाऊल’ म्हणून तो भरतो, पहिलीत येणाऱ्या लेकरांना टेबलाटेबलावरून फिरवून बघतात आणि आईच्या हातात विकास पत्र देतात. ते कपाटात ठेवू नको. जिथं लेकरू कमी पडलं, ते सुट्टीत घरी करायचं असतं. भाजी निवडताना मोजायला लाव, धुतलेल्या कपड्यांच्या जोड्या लावायला सांग.

प्रवेशाच्या दिवशी एक काम डोळ्यात तेल घालून कर. गुरुजी प्रवेश-निर्गम रजिस्टरमध्ये नाव लिहितात तेव्हा शेजारी उभी राहा. लेकराचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात, एकेक अक्षर वाचून घे. जन्मदाखला, आधार आणि रजिस्टर तिन्हीकडं एकच स्पेलिंग हवं. पुढं दहावीचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, पडताळणी, सगळं याच ओळीवर चालतं. आजही लोक आज्या-पणज्याची जुनी नोंद शोधत शाळेशाळेतून फिरतात. कागद अपुरा असेल म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. पण नंतर दुरुस्ती करायला जे हेलपाटे पडतात त्यापेक्षा आधी कागद जुळवलेले बरे.

आता ज्यांच्या घरात कोयता आहे, त्यांच्यासाठी. गंगाखेड, सोनपेठ, पालमकडची कितीतरी जोडपी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. लेकराचं शाळेचं अर्धं वर्ष फडात जातं. सहा वर्षांच्या पोराला पाचटात, बैलगाडीखाली, धाकट्या भावाला सांभाळत बसवायचं, हे मला कधी बघवलं नाही. माझं सांगणं असं की, आजी-आजोबा हिंडते-फिरते असतील तर पहिलीचं लेकरू गावातच ठेवा. स्थलांतरित पालकांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. पण मुकादमाचा ट्रक दारात उभा राहिल्यावर विचारून उपयोग नाही. जुलै-ऑगस्टातच मुख्याध्यापकांकडं नाव द्या, किती लेकरं मागं राहणार ते एकत्र येऊन सांगा. नेणं भागच असेल तर जाताना शिक्षण हमी पत्रक मागून घ्या, ते दाखवून कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत बसवता येतं आणि परत आल्यावर इथला वर्ग शाबूत राहतो. अंगणवाडीतल्या लेकराचं नाव पोषण ट्रॅकरवर असतं, ताईला जायचं गाव आणि तालुका सांगून ठेवा म्हणजे तिथल्या अंगणवाडीत आहार मिळवता येतो. शाळा निवडायची आहे तर या घरांनी पहिला प्रश्न हाच विचारावा, दिवाळीनंतर आमच्या पोराचं तुम्ही काय करता? ज्या मुख्याध्यापकांकडं याचं उत्तर तयार असतं, त्यांची शाळा धरा.

आणि समितीत जा. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बाया असायलाच हव्यात, असा कायदा आहे. बऱ्याच ठिकाणी बाईची सही घरी मागवतात. तू स्वतः बैठकीला जा, ठराव वाचल्याशिवाय सही करू नको. संडासाचं दार, पंखा, संरक्षक भिंत, ही कामं तिथल्या ठरावानंच पुढं सरकतात.

लेकराला मारलं, अपमान केला, आहार मिळाला नाही, वर्ग दिवसेंदिवस बंद राहिला, तर चारचौघांत भांडू नको, लेकराला त्याच ताईकडं उद्या बसायचं असतं. आधी तिच्याशी एकटीनं बोल. फरक पडला नाही तर अंगणवाडीसाठी पर्यवेक्षिका आणि त्यावर तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी. शाळेसाठी मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. तोंडी नको, अर्ज लिहून दे, तारीख घाल, आणखी दोन-तीन आयांच्या सह्या घे. आवक शिक्का मारलेली एक प्रत मागून घे आणि लेकराच्या जन्मदाखल्याबरोबर ठेव.